हळू कोण होतं? – कमोडोर ६४ आणि वेग वाढवणारं कार्ट्रिज



एरवी मी वाचन, भाषिक खेळ, हातचा घेऊन वजाबाकी असल्या विषयांवर लिहिते. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बाईंना झालंय काय! विषय आहे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका घरगुती संगणकाचा आणि त्याच्या मागच्या खाचेत घालायच्या एका छोट्याशा डबीचा. पण शेवटपर्यंत वाचा. ‘हा मुलगा हळू आहे’ हे वाक्य तुम्ही कधी बोलला असाल, तर नक्की वाचा. मी ते नुसतं बोललेच नाही, नोंदवहीत लिहिलंसुद्धा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मावसभावाकडे गेले होते. त्याला जुनी यंत्रं जमवायचा नाद आहे. त्याने परदेशातून मागवलेला कमोडोर ६४ टेबलावर मांडला होता. खाकी रंगाचा जाडजूड कीबोर्ड, त्यातच अख्खा संगणक, आणि शेजारी जवळजवळ बुटाच्या खोक्याएवढा फ्लॉपी ड्राइव्ह. हा संगणक १९८२ साली अमेरिकेत आला. जगभरात एक कोटीहून जास्त विकला गेला. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिला नाही. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक प्रकल्प सुरू केला, त्यात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो आले. माझ्या वाट्याला तर डीएडच्या वर्षापर्यंत संगणक म्हणजे कुलूपबंद खोलीतली झाकलेली वस्तू होती. असो.

भावाने निळ्या पडद्यावर टाइप केलं : लोड "*",८,१. ड्राइव्हचा लाल दिवा लागला, घरघर सुरू झाली. पडद्यावर ‘लोडिंग’ एवढाच शब्द. आम्ही बघत बसलो. माझी मुलगी म्हणाली, “आई, बिघडलंय ते.” दीड मिनिट होऊन गेलं तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. मग भावाने संगणक बंद केला, मागच्या खाचेत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी बसवली आणि तीच फ्लॉपी, तोच ड्राइव्ह, तीच वायर ठेवून पुन्हा लोड केलं. वीसेक सेकंदांत खेळ तयार! मुलगी म्हणाली, “यात नवीन मोटर आहे का?”

मलाही तेच वाटलं होतं. डबीत मोटर-बिटर काहीच नव्हती. एक रॉमची चिप आणि दोनचार सुटे भाग. त्या रात्री मला झोप लागेना, भावाला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्याने सांगितलं आणि नंतर मी वाचलं ते असं.

या ड्राइव्हचं नाव १५४१. त्याची फ्लॉपी सव्वापाच इंची, एका बाजूला साधारण १७० किलोबाइट मावतात. आता गंमत बघा. या ड्राइव्हला स्वतःचा मेंदू आहे. त्याच्या पोटात ६५०२ हा प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम आणि १६ किलोबाइट रॉम. समोरच्या संगणकात ६५१० हा त्याच घराण्यातला प्रोसेसर. दोघेही सेकंदाला साधारण दहा लाख ठोक्यांच्या वेगाने चालणारे. म्हणजे टेबलावर एक हुशार आणि एक मठ्ठ असं काही नव्हतं. एकाच बाकावरची दोन भावंडं म्हणा. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. आणि तरी संगणकापर्यंत माहिती पोचते किती? सेकंदाला सुमारे ४०० बाइट. फ्लॉपीवरच्या एका खणात २५४ बाइट कामाचे असतात. ते वायरीतून जायला साधारण पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर वेळ जातो, आणि तेवढ्यात तबकडी तीन वेळा फिरून येते. तबकडीवर माहिती तयार आहे, ड्राइव्हने ती वाचून हातात धरली आहे, संगणक ती घ्यायला बसला आहे. अडलंय ते मधल्या वायरीवर.

त्या काळी ॲपलच्या ड्राइव्हला तर स्वतःचा प्रोसेसर नव्हताच, आणि तो याच्यापेक्षा कितीतरी भरभर चाले!

मग वायर इतकी हळू का? याची कथा मला एखाद्या शाळेच्या इतिहासासारखी वाटते. कमोडोरच्या आधीच्या ‘पेट’ संगणकाला आठ बिट एकत्र नेणारी रुंद केबल होती. झपाझप काम, पण केबल महाग. १९८१ च्या सुमारास स्वस्तातला ‘व्हिक-२०’ आणायचा होता, म्हणून एकामागून एक बिट नेणारी बारीक केबल ठरली. हरकत नव्हती, कारण बिट रांगेने पाठवायचं काम एक वेगळी चिप परस्पर करणार होती. पण त्या चिपच्या नेमक्या याच भागात दोष निघाला. मग काय, प्रोसेसरनेच हाताने एकेक बिट द्यावा आणि घ्यावा अशी तात्पुरती सोय केली. पुढे कमोडोर ६४ आला. त्यातल्या नव्या चिपमध्ये तो दोष नव्हता. पण जुन्या उपकरणांशी जमवून घ्यायचं म्हणून तीच तात्पुरती सोय पुढे चालू राहिली. आपल्याकडे नाही का, कुणीतरी कधीतरी एका अडचणीपायी एखादा तक्ता सुरू करतं, अडचण संपते, तक्ता मात्र दरवर्षी भरावा लागतो.

एवढ्यावर भागलं नाही. कमोडोर ६४ चं चित्र काढणारी चिप मधूनमधून प्रोसेसरला थांबवते आणि स्मृतीतली माहिती स्वतः वाचून घेते. पडद्यावरच्या दर आठव्या रेषेला सेकंदाच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतका वेळ प्रोसेसर खोळंबतो. आपल्याला हा वेळ म्हणजे काहीच नाही, पण वायरीवरचा एक बिट निसटायला तेवढा पुरतो. व्हिक-२० चा जुना ड्राइव्ह नव्या संगणकाला जोडला तर पडदा बंद केल्याशिवाय तो नीट चालेना. उपाय काय काढला? ड्राइव्हलाच सांगितलं, तू आणखी हळू बोल. तो हळू बोलायला शिकवलेला ड्राइव्ह म्हणजे १५४१. चांगलं चालता येणाऱ्याला आपणच हळू चालायला लावायचं, आणि मग जगाने म्हणायचं, कमोडोरचा ड्राइव्ह म्हणजे गोगलगाय!

आता ती डबी. १९८४ मध्ये एपिक्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ‘फास्ट लोड’ हे कार्ट्रिज काढलं. कंपनी खेळांची, ‘समर गेम्स’ त्यांचाच. पाचपट वेगाने लोड होईल अशी त्यांची जाहिरात होती. नंतर असली कितीतरी कार्ट्रिजं आली. ब्रिटनमधल्या डेटेल कंपनीचं ‘ॲक्शन रिप्ले’, नेदरलँड्समधलं ‘फायनल कार्ट्रिज’. तपशील वेगवेगळे, पण युक्तीचा गाभा एकच.

कार्ट्रिज ड्राइव्हला हात लावत नाही. ते आधी ड्राइव्हशी त्याच्या जुन्याच संथ भाषेत बोलतं. १५४१ ला दोन आज्ञा समजतात : ‘हे तुझ्या स्मृतीत लिहून ठेव’ आणि ‘आता ते लिहिलेलं चालव’. या आज्ञा कंपनीच्या माहितीपुस्तकातच छापलेल्या होत्या, चोरूनमारून काही नाही. कार्ट्रिज छोट्या छोट्या तुकड्यांनी एक लहानसा प्रोग्रॅम ड्राइव्हच्या २ किलोबाइट रॅममध्ये पाठवतं आणि म्हणतं, चालव. त्या क्षणापासून ड्राइव्ह आणि संगणक नव्या पद्धतीने बोलू लागतात. जुन्या पद्धतीत दोन तारांपैकी एक माहितीची आणि दुसरी ‘आता बघ’ अशी खूण करायची. नव्या पद्धतीत दोन्ही तारांवर माहिती, म्हणजे एका वेळी दोन बिट. मग खूण कोण करणार? कुणीच नाही. दोघांनी आधीच ठरवलंय की सुरुवातीला एकदा ताल जुळवायचा आणि मग अमुक ठोक्याला पहिली जोडी, अमुक ठोक्याला दुसरी. चार जोड्या झाल्या की एक बाइट पुरा. पुन्हा ताल, पुन्हा चार जोड्या. चित्राच्या चिपचा खोळंबा टाळायला काही लोडर पडदाच बंद ठेवत, काही दोन खोळंब्यांच्या मधली जागा साधून बोलत.

आणि ड्राइव्ह बंद केला की शिकवलेलं सगळं पुसलं जातं. रॅम ती. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, संथ भाषेत. मे महिन्यानंतरचा जूनमधला वर्ग ज्यांनी घेतलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सुट्टी संपवून आले ती हे डोक्यात घेऊनच. माझी शाळा दोनशिक्षकी, तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. एका शनिवारी दप्तराविना शाळा होती म्हणून मुलांसोबत हा खेळ करून पाहिला. करून बघण्यासारखा आहे, म्हणून नीट सांगते.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांची सोळा कार्डं, काही काळी, काही पांढरी. एक मुलगी ‘ड्राइव्ह’, तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा. समोर एक मुलगा ‘संगणक’, त्याच्यापुढे पाटी. पहिल्या फेरीत नियम असा : ड्राइव्हने विचारायचं, “पाठवू का?” संगणकाने म्हणायचं, “पाठव.” मग ती एक कार्ड वर धरणार, तो पाटीवर काळा की पांढरा ते लिहिणार आणि म्हणणार, “मिळालं.” मगच पुढचं कार्ड. (खऱ्या यंत्रात ही विचारपूस आठ बिटांमागे एकदा होते आणि मधला एकेक बिट संथपणे जातो. मुलांना ठळक दिसावं म्हणून मी ती प्रत्येक कार्डामागे घातली.) सोळा कार्डांना दोन मिनिटांहून जास्त लागली. बघणारी मुलं जांभया द्यायला लागली.

दुसरी फेरी. मुलं तीच, कार्डं तीच. फक्त आता ड्राइव्हने दोन्ही हातांत एकेक कार्ड धरायचं आणि एका मुलाने डफलीवर ठेका धरायचा. ठोका पडला की कार्डांची जोडी वर, ठोका पडला की पुढची जोडी. बोलायचं काही नाही. पहिल्यांदा गोंधळ झाला, दुसऱ्यांदा निम्मं जमलं, चौथ्या वेळी अर्ध्या मिनिटाच्या आत सोळाही कार्डं बरोबर. वर्गात नुसता जल्लोष.

मग मी चित्राची चिप आणली. म्हणजे एका मुलीला सूचना वही दिली आणि सांगितलं, अधूनमधून येऊन संगणकाची सही घेऊन जायची. आपल्याला रोज येणारा अनुभव! तास रंगात आलेला असतो आणि वही येते, नाहीतर फोनवर ‘अर्ध्या तासात लिंक भरा’ येतं. वही आली की संगणकाची मान खाली, आणि दोन ठोके गेले. पाटीवरचा क्रम पार बिघडला. मी विचारलं, “आता काय करायचं?” एक जण म्हणाला, “बाई, दार लावून घ्या ना!” दुसरी म्हणाली, “वहीने ठरलेल्या वेळीच यायचं, चार ठोके झाले की.” मी त्यांना कमोडोरच्या लोडरचं अजून काही सांगितलेलं नव्हतं. पडदा बंद ठेवणं आणि मधली जागा साधणं, दोन्ही उपाय चौथीच्या मुलांनी दोन मिनिटांत काढले.

नंतर मी सगळी गोष्ट सांगितली. ड्राइव्ह, वायर, डबी. एका मुलीने शांतपणे विचारलं, “मग बाई, हळू कोण होतं?”

मी म्हटलं, “कुणीच नव्हतं.” म्हटलं खरं, पण डोळ्यांसमोर नोंदवही आली.

तिसरीत माझ्याकडे एक मुलगा आहे. तांड्यावरचा. घरी गोरमाटी बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारतचं उद्दिष्ट तुम्हाला पाठ असेलच : तिसरीच्या अखेरीस अर्थासह मिनिटाला किमान ६० शब्द. मी घड्याळ लावून त्याचं वाचन घेतलं होतं. तिशीसुद्धा गाठली नव्हती. शेरा लिहिला : ‘वाचनगती फारच कमी. आकलन तपासावे.’ त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलंही की मुलगा जरा हळू आहे. त्यांनी मान डोलावली. ती मान डोलावणं मला आज जास्त टोचतं, कारण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या शनिवारनंतर सोमवारी त्याला पुन्हा जवळ बसवलं. घड्याळ लावलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो एक शब्द वाचायचा आणि वर माझ्या तोंडाकडे बघायचा. मी मान हलवली की पुढचा शब्द. “पाठवू का?” “पाठव.” “मिळालं.” ही सवय त्याने घरून आणली नव्हती. पहिलीपासून प्रत्येक शब्दाला ‘हं’ करणारी आणि प्रत्येक उच्चाराला मध्येच टोकणारी मीच होते. त्याच्या तोंडून ‘ळ’ चा ‘ल’ झाला की माझं बोट पुढे. मग त्यानेही ठरवून टाकलं, होकार आल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यात हळू असलेला भाग कुठला, हे मी कधी मोजलंच नाही. मी फक्त शेवटी किती शब्द पोचले ते मोजलं.

आता काही जण म्हणतील, मूल म्हणजे यंत्र नव्हे. मान्य, शंभर टक्के मान्य. मुलाच्या डोक्यात दोन आज्ञा देऊन प्रोग्रॅम उतरवता येत नाही, आणि देवाच्या दयेने येत नाही तेच बरं. आणि काही मुलांना खरोखर डोळ्यांचा, कानांचा किंवा अक्षर ओळखण्याचाच त्रास असतो, त्यांची तपासणी व्हायलाच हवी. प्रत्येक वेळी दोष वायरीचाच असतो असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण वायर तपासतच नाही. मोठी माणसं ड्राइव्हला नाव ठेवून मोकळी होतात, कारण घरघर त्याचीच ऐकू येते.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. आजकाल ‘वाचनाचा वेग पाचपट’, ‘तीन महिन्यांत गणितात सुपरफास्ट’ अशा जाहिराती गावोगावी दिसतात. माझा लेख वाचून कुणी म्हणेल, बाई तरी दुसरं काय सांगताहेत, डबी लावा म्हणूनच ना? नाही हो. फास्ट लोडची जाहिरात पाचपटीची होती हे खरं, पण ती डबी बनवणाऱ्याने आधी ड्राइव्हच्या आत काय चालतं ते मुळापासून समजून घेतलं होतं. मुलाला दहा मिनिटंही न पाहता विकलेली डबी वेगळी. शिवाय त्या कार्ट्रिजचीही एक अडचण होती. कॉपी होऊ नये म्हणून बंदोबस्त केलेल्या काही फ्लॉप्या किंवा स्वतःचाच लोडर घेऊन येणारे काही खेळ त्याच्यासोबत चालायचेच नाहीत. मग डबी बंद करायची किंवा काढून ठेवायची, आणि जुन्या संथ वाटेने लोड होऊ द्यायचं. भावाकडे अशी एक फ्लॉपी आहे. तिच्यासाठी तो चहा टाकतो आणि येऊन बसतो. कविता वाचतानाही घाई नको असते, आणि नवा शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा मुलाला थांबू द्यायचं असतं. कमोडोरने १९८५ मध्ये १२८ हा नवा संगणक आणि १५७१ ड्राइव्ह आणला, त्यात जलद बोलण्याची सोय मुळातच होती. पण तरी त्या ड्राइव्हला जुनी संथ भाषाही येत होती.

ज्यांच्या शाळेत संगणक आहे त्यांनी ‘व्हाइस’ हा मोफत प्रोग्रॅम बघावा. त्यात कमोडोर ६४ जसाच्या तसा चालतो, ड्राइव्हचा खरा संथपणाही ठेवता येतो. मुलांना तो संथपणा आधी बघू द्या, कंटाळू द्या. मग कारण विचारा. पेंटमध्ये घर आणि डोंगर काढण्यापेक्षा मला हा संगणकाचा तास जास्त मोलाचा वाटतो, कारण या यंत्रात काय चाललंय हे चौथीचं मूलही बोटावर मोजून सांगू शकतं. संगणक नसेल तर सोळा पुठ्ठे आणि डफली पुरेशी आहे. डफली नसेल तर डबा वाजवा. फक्त ठेका धरायला वर्गातलं सगळ्यात शांत मूल निवडा, ते ताल सोडत नाही असा माझा अनुभव आहे.

त्या मुलाशी मी आता एक ठराव केलाय. पूर्णविराम येईपर्यंत मी काही बोलणार नाही, मान हलवणार नाही, बोट दाखवणार नाही. चुका राहिल्या तर वाक्य संपल्यावर बघू. पहिले आठ दिवस मलाच जड गेले, ओठ दाबून बसावं लागायचं. तो बिचारा सवयीने वर बघायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचे. साठ शब्द अजून झालेले नाहीत. मागच्या वेळी एकेचाळीस झाले. वडिलांना पुन्हा बोलावून घेतलं आणि माझा शेरा चुकला होता असं सांगितलं. तेव्हाही त्यांनी तशीच मान डोलावली, पण जाताना मुलाच्या पाठीवर हात ठेवून गेले.

नोंदवहीत शब्दांच्या रकान्याशेजारी मी आता पेन्सिलीने आणखी एक आकडा लिहिते : किती वेळा वर पाहिलं. पहिल्या सोमवारी तेवीस होता. परवा नऊ ओळींत दोन. त्यातलं दुसरं खिडकीत माकड आलं म्हणून.